दीडशे हात पलीकडे

दलिलुद्दिन हावलादार नदी खात्यात लागला तेव्हा त्याला धड पोहताही येत नव्हतं, असं त्याची थोरली बहीण जोबेदा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. ते खोटं होतं. मेघनेच्या काठचं पोर चालायच्या आधी पोहतं. पण आई गेल्यावर चार वर्षांच्या भावाला जिनं कडेवर वाढवलं, तिला एवढं खोटं बोलायचा हक्क आहे असं दलिल समजायचा. ती सांगायला लागली की मान खाली घालून हसायचा.

त्याची नोकरी मार्कावाल्याची. मेघनेच्या एका फाट्यावरचे अकरा मैल त्याच्याकडे होते. या अकरा मैलांत जिथं खोल पाणी असेल तिथं दोन्ही अंगांना बांबू रोवायचे, त्यांच्या डोक्यावर पत्रा ठोकायचा. पत्रा गोल असेल तर वरिशालहून येणाऱ्या लाँचनं तो बांबू डाव्या हाताला ठेवायचा, तिकोनी असेल तर उजव्या; परतीला उलट. मधून गेलं की पाणी पुरतं, बाहेर गेलं की वाळू. काम ऐकायला एवढंच. पण मेघना एका जागी पडून राहणारी नदी नव्हे. पावसाळ्यात ती बांबू काडीसारखे मोडून नेते, आणि पाणी उतरलं की दिसतं, कालची वाट आज तिथं नाहीच. मग दलिल आपली होडी काढायचा आणि शिशाचा गोळा बांधलेली दोरी सोडत सोडत नवी वाट शोधायचा. दोन्ही हात पसरले की एक वाव, म्हणजे चार हात. दोरीवर वावावावाला लाल चिंध्या बांधलेल्या होत्या, पण सव्वीस वर्षांनंतर त्याला चिंध्या बघाव्या लागत नव्हत्या. दोरी हातातून किती सरकली ते तळव्याला कळायचं.

जे सापडेल ते तो खात्याच्या वहीत लिहायचा. तारीख, वेळ, भरती की ओहोटी, पाणी किती. महिन्याअखेरी वही वरिशालच्या ऑफिसात जायची, शिक्का बसून परत यायची. पूर्वी हाताखाली एक खलाशी होता. तो निवृत्त झाला आणि त्याची जागा दोन वर्षं रिकामीच राहिली. त्यामुळे बांबू रोवायच्या दिवशी दलिल हिजलतल्याची चार माणसं बोलावून घ्यायचा. हिजलतला हे जोबेदाचं सासर. दलिलचं घर तिथून अर्ध्या मैलावर, आतल्या खाडीवर.

मोठ्या पुराच्या दुसऱ्या वर्षी नदीनं हिजलतल्याकडे तोंड वळवलं. तोवर खोल वाट नदीच्या मधोमध होती, समोरच्या गाळाच्या बेटाला जवळ. आश्विनात पाणी उतरलं तेव्हा दलिलनं दोरी सोडून पाहिली. बेटाच्या बाजूला वाळू भरत चालली होती आणि गावाच्या अगदी कडेला साडेतीन वाव पाणी लागलं. त्यानं बांबू काढले आणि गावाच्या बाजूला रोवले. त्यातून गावाचंच काही बिघडेल असं तेव्हा त्याच्या मनातही आलं नाही. पाणी जिथं, बांबू तिथं.

दिवसाला चौदा लाँच, शिवाय तेलाची जहाजं. आता त्या सगळ्या गावाच्या कडेला घासून जायला लागल्या. प्रत्येकीमागून लाट यायची, कडेच्या मातीत शिरायची, परत जाताना माती घेऊन जायची. नदी खालून पोखरत होती आणि लाँच वरून हलवत होत्या. दुपारी झोपलेल्या माणसाला धप्प असा आवाज यायचा. उठून पाहावं तर सुपारीचं झाड उभंच्या उभं पाण्यात.

जोबेदानं भावाला जेवायला बोलावलं. इलिश माशाचं कालवण होतं. त्याच्या ताटात गाबोळीचा तुकडा वाढून ती समोर बसली.

"माझी नारळाची झाडं बघितलीस का येताना?"

"बघितली."

"किती दिसली?"

"तीन, बुबू."

"पाच होती. ही तीन गेली की गोठा. गोठ्यामागं घर. घरामागं काय आहे, ते तुला सांगायला नको."

घरामागं कबरस्तान होतं. दोघांची आई तिथं होती.

"मी काय करू?" दलिल म्हणाला. "नदी काय माझ्या तैनातीत आहे?"

"नदी नसेल. बांबू तर आहेत."

दलिलचा हात ताटात थांबला. "ते बांबू माझे नाहीत, सरकारचे आहेत. पाणी आहे तिथंच ते लावावे लागतात."

"बेटाच्या बाजूला पाणी नाही?"

"कमी आहे."

"कमी म्हणजे लाँच जाणारच नाही इतकं?"

दलिल माशाचे काटे वेचत राहिला.

त्यानंतर गावात पाय टाकणं त्याला जड जाऊ लागलं. मोन्ताजच्या चहाच्या टपरीवर तो गेला की मोन्ताज बाक पुसायला घ्यायचा. "सरका रे, सरका. नदीचे जावई आले. साखर जास्त घालू का भाईसाहेब? पुढच्या महिन्यात टपरीच नसेल, आत्ताच पिऊन घ्या." लोक हसायचे. दलिलही हसायचा. एकदा मात्र मोन्ताज हसला नाही. कपबशी ठेवताना हळूच म्हणाला, "दलिल भाई, तुम्ही दुसऱ्या गावचे असता तर आम्ही बोललोच नसतो. घरचा माणूस असून बघत बसता, म्हणून वाईट वाटतं."

दलिलनं वरिशालला अर्ज पाठवला. हिजलतल्याची कड ढासळते आहे, बेटाच्या बाजूची वाट यंत्रानं वाळू काढून खोल केली तर लाँच तिकडून जाऊ शकतील, मोजणीची बोट पाठवावी. बारा दिवसांनी उत्तर आलं. मोजणीची बोट पौषानंतर येईल. तोवर हुकमाशिवाय कोणताही मार्का हलवू नये.

पौष संपायला अडीच महिने होते. दलिल होडी घेऊन बेटाच्या बाजूला गेला आणि दोन दिवस दोरी सोडत बसला. अर्ध्या ओहोटीला एक वाव आणि तीन हात. खात्याचा नियम दोन वावांचा. पण लाँचच्या पोटाला वावभर पाणी पुरतं, हे त्याला ठाऊक होतं. वरचं पाणी नियमाचं, सावधगिरीचं. तेलाची जहाजं भरतीलाच येतात, त्यांचं निभेल. अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या ओहोटीला आपण स्वतः होडी घेऊन उभं राहू, पाणी फार उतरलं तर लाल फडकं दाखवून लाँच थांबवू. असं एकेक करत त्यानं स्वतःला पटवलं.

एक गोष्ट मात्र त्याला पटवता आली नाही. शिशाच्या गोळ्याच्या बुडाला तो चरबी फासायचा, तळाला काय आहे ते तिला चिकटून वर यायचं. बेटाच्या बाजूला चरबीला पांढरी, बारीक वाळू चिकटून आली. ती नवी वाळू. आज इथं आहे, उद्या आणखी येईल. त्यानं ती बोटानं पुसून टाकली.

कार्तिकातल्या एका सकाळी हिजलतल्याची चार माणसं आली, आणि गोल-तिकोनी मिळून दहा बांबू दीडशे हात पलीकडे सरकले. लाँच चालवणाऱ्या सारंगांनी काही विचारलं नाही. दलिलनं बांबू हलवले म्हणजे पाणी हललं, अशी त्यांची समजूत. लाँच बेटाच्या बाजूनं जाऊ लागल्या. गावापर्यंत लाट येईतो तिच्यात जीव उरत नव्हता.

कडेचं ढासळणं एकदम थांबलं नाही, पण कमी झालं. आठ दिवसांत एकही झाड पडलं नाही. दलिलच्या घरी कोणी दुधाचा तांब्या पाठवला, कोणी नव्या गुळाची ढेप. त्याची बायको सखिना एका संध्याकाळी ते सगळं मांडून बसली आणि म्हणाली, "मिनूचे अब्बा, एवढं कशाबद्दल येतंय?"

"कड थांबली म्हणून."

"कड अल्लानं थांबवली असती तर दूध मशिदीत गेलं असतं."

तो रोज दोरी सोडत होता आणि रोज वहीत लिहीत होता. पाण्याचं माप खोटं लिहिणं त्याला जमलं नाही. साडेतीन वावांच्या वाटेवर आता एक वाव तीन हात, एक वाव दोन हात, असे आकडे पडू लागले. वही कोणी उघडून पाहिली असती तर एका नजरेत कळलं असतं. महिनाअखेरी ती वरिशालला गेली आणि शिक्का बसून परत आली.

अमावास्या शुक्रवारी होती. त्या दिवशी दुपारच्या नमाजानंतर गावानं मशिदीत मिलाद ठेवला, गाव वाचलं त्याच्या शुक्रगुजारीचा. खिचडीचे दोन हंडे चढले. दलिल म्हणाला, "मला ओहोटीला नदीवर असायला हवं." मोन्ताजनं त्याचा हात धरला. "पाणी तळाला जातं ते चारला. आम्ही तीनला मोकळे करतो तुम्हाला. तुमच्यासाठीच आहे सगळं, तुम्हीच नसलात तर शोभतं का?"

त्यांनी त्याला पहिल्या ओळीत, इमामांच्या शेजारी बसवलं. इमामांनी दुवा मागितली तेव्हा त्याचं नाव घेतलं. दलिलला आयुष्यात कोणी असं नाव घेतलेलं आठवत नव्हतं. तीन वाजले ते त्याला कळले. आता उठावं असंही वाटलं. पण दुवा चालू असताना पहिल्या ओळीतून उठायचं कसं, म्हणून तो बसून राहिला.

वरिशालहून येणारी 'पानकौडी' त्या दिवशी वेळेच्या आधी आली. तिचा भोंगा ऐकू आला तो नेहमीसारखा नव्हता. एकदा वाजला आणि थांबेचना. मशिदीतली माणसं एकमेकांकडे बघायच्या आत दलिल दारात पोचला होता.

लाँच तिसऱ्या आणि चौथ्या बांबूच्या मध्ये वाळूवर चढली होती. नाक रुतलेलं, आणि ओहोटीचं पाणी मागचा भाग ढकलत होतं, त्यामुळे ती आडवी फिरत होती. वरच्या मजल्यावरची माणसं घाबरून एकाच बाजूला धावली. ती बाजू झुकली, खालच्या मजल्याचा कठडा पाण्याखाली गेला आणि माणसं, पोती, कोंबड्यांच्या पाट्या, सगळं नदीत सांडलं.

हिजलतल्यानं त्या दिवशी जे केलं ते खोटं म्हणता येणार नाही. मिलादला जमलेलं सगळं गाव नदीवर धावलं. होत्या नव्हत्या तेवढ्या होड्या सुटल्या. मोन्ताजनं एकट्यानं सात माणसं काढली. दलिलनं काढलेली त्यानं मोजली नाहीत. भरती लागायच्या आत सगळे काठावर होते. सगळे म्हणजे दोघं सोडून. एक बाई, तिला ओळखणारं तिथं कोणी नव्हतं. दुसरा पातारहाटचा शिंपी, सोबहान खलिफा. शिवणाचं मशीन दुरुस्तीला वरिशालला नेलं होतं, ते घेऊन तो परत निघाला होता. बरोबरचे सांगत होते, लाँच झुकली तेव्हा सगळे हात मोकळे करून उड्या टाकत होते, आणि हा माणूस मशीनच्या पेटीची कडी धरून होता.

लोक ओल्या माणसांना घराघरांत नेत होते. दलिल काठावर उभा होता. जोबेदा त्याच्याजवळ आली. तिचं लुगडं कमरेपर्यंत भिजलं होतं. कुणाचं तरी लेकरू काढायला तीही पाण्यात उतरली होती.

"दलिल," ती हलक्या आवाजात म्हणाली, "उजेड आहे तोवर बांबू परत लाव."

त्यानं नदीकडे तोंड फिरवलं.

"उद्या साहेब लोक येतील. तुला तुरुंगात घालतील. माझ्यापायी केलंस तू. चल, मोन्ताजला सांगितलंय मी."

चार माणसं होडी घेऊन आधीच थांबली होती. भरती चढत होती. 'पानकौडी' तरंगायला लागली, तिला दुसऱ्या लाँचनं ओढून घाटाकडे नेलं. त्या गडबडीत दहा बांबू दीडशे हात अलीकडे आले. सूर्य टेकला तेव्हा शेवटचा तिकोनी बांबू जागेवर होता.

चौकशी शाळेत झाली. खात्याचे तीन साहेब आले, त्यांतले खोंदकार साहेब दलिलला वीस वर्षं ओळखत होते. मार्क्यांच्या जागा मोजल्या गेल्या. लाँच रुतली ती जागा त्यांच्या बाहेर, दीडशे हातांवर निघाली. गावातल्या सात जणांनी सांगितलं, बांबू आश्विनापासून तिथंच आहेत. मग सारंगाला उभं केलं. नूरुद्दिन सारंग, साठीला आलेला, दाढीला मेंदी लावणारा माणूस. त्याच्या हातून तीस वर्षांत एक घाट चुकला नव्हता.

"मी बांबूंच्या मधून आलो," तो म्हणाला. "तीन आठवडे तिथूनच जातोय. दलिल भाई इथं बसलेत, त्यांना विचारा."

साहेबांनी विचारलं.

"बांबू आहेत तिथंच होते," दलिल म्हणाला.

"माझ्या तोंडाकडे बघून सांगा, दलिल भाई."

दलिल शाळेच्या फळ्याकडे बघत होता. फळ्यावर कोणीतरी बेरजा लिहिल्या होत्या.

इतर सारंगांनीही सांगून पाहिलं असतं, पण त्यांना कोणी बोलावलं नाही, आणि स्वतःहून पुढं येऊन परवाना कोण घालवणार? नूरुद्दिनचा परवाना जप्त झाला, खटला उभा राहायचा होता. दलिल रोज नदीवर जात होता. साडेतीन वाव, साडेतीन वाव, असं वहीत लिहीत होता. गावाच्या कडेला लाँच परत घासून जात होत्या आणि जोबेदाचं चौथं नारळाचं झाड पडलं होतं. ज्यासाठी केलं ते राहिलं नाही, आणि केलेलं पुसलंही जात नव्हतं. घरी तो जेवायला बसायचा आणि दोन घासांत उठायचा. सखिनाला सगळं ठाऊक होतं.

माघात तो बांबू घ्यायला पातारहाटच्या घाटावर गेला. घाटाच्या पायऱ्यांवर नूरुद्दिन उकडलेली अंडी विकत बसला होता. दाढीची मेंदी उतरून खालून पांढरे केस आले होते. दलिलला वळून जाता आलं असतं, पण म्हाताऱ्यानं हाक मारली.

"या, दलिल भाई. बसा. अंडं खाणार?"

दलिल बसला. नूरुद्दिननं अंडं सोललं, मीठ लावून त्याच्या हातावर ठेवलं.

"तुम्हाला एक विचारायचं होतं," नूरुद्दिन म्हणाला. "रागानं नाही विचारत. माणसाची नजर अशी जाते का हो? एकदम?"

"कशी?"

"मी रोज रात्री ते बांबू बघतो. रोज मी मधोमध असतो. डावीकडे गोल, उजवीकडे तिकोनी. डोळे उघडतो तरी तसंच दिसतं. आणि तुम्ही सगळे म्हणता, बांबू तिथं नव्हतेच. गावचे सात जण, आणि तुम्ही. तुम्ही तर खोटं बोलणारे नव्हे. मग मीच वेडा झालो असेन. बायको म्हणते, डोळ्याच्या डॉक्टरकडे चला." तो थोडा हसला. "आता नातवाला घेऊन रस्ता ओलांडायला भीती वाटते मला. वाटतं, समोर गाडी असेल आणि मला दिसणार नाही."

दलिलच्या हातातलं अंडं तसंच राहिलं. तुरुंग, नोकरी, बहिणीचं घर, या सगळ्याचा हिशेब त्यानं मनात कितीदा मांडला होता. पण आपण एका माणसाचे डोळे काढून घेतलेत, हे त्याच्या हिशेबात नव्हतं.

"तुमची नजर ठीक आहे," तो म्हणाला.

"काय?"

"नजर ठीक आहे तुमची. बांबू तिथंच होते. मी हलवले होते. संध्याकाळी परत आणले."

नूरुद्दिननं अंड्यांची टोपली बाजूला ठेवली, दोन्ही तळवे डोळ्यांवर दाबले आणि तसाच बसून राहिला. दलिल उठून गेला तरी त्यानं हात काढले नाहीत.

दुसऱ्या दिवशी पहिल्या लाँचनं दलिल वरिशालला गेला. खोंदकार साहेबांनी ऐकून घेतलं, उठून खोलीचं दार लावलं.

"दलिल मियां, अहवाल ढाक्याला गेला. तुमची चार वर्षं राहिलीत. तुम्ही आलात, मला सलाम केलात आणि गेलात, असं मी समजतो."

"साहेब, तुम्ही ऐकलंत ना?"

"ऐकलं असं मी कुठं म्हटलं?"

दलिलनं वही टेबलावर ठेवली आणि कार्तिकाचं पान उघडलं. "हे आकडे बघा. या वाटेवर साडेतीन वाव आहे. तीन आठवडे पावणेदोन कसं झालं, हे मला कोणी विचारलं नाही."

साहेबांनी पानावर बोट फिरवलं. शिक्का त्यांच्याच ऑफिसचा होता, खाली सही त्यांची होती. त्यांनी कागद पुढं सरकवला. "लिहून द्या," ते म्हणाले.

पोलिसांनी विचारलं, दहा बांबू एका संध्याकाळी कोणकोण मिळून हलवले? दलिल म्हणाला, मी एकटाच होतो. त्यांनी पुन्हा विचारलं, त्यानं पुन्हा तेच सांगितलं. त्याला सात महिन्यांची कैद झाली. नोकरी गेली, पेन्शनही गेलं. नूरुद्दिनला ज्येष्ठात परवाना परत मिळाला.

जोबेदा तुरुंगात एकदाच आली, भाद्रपदात. मुरमुरे आणि गूळ घेऊन आली होती. जाळीच्या पलीकडे बसली आणि बराच वेळ पदराचं टोक पिळत राहिली.

"घर गेलं आषाढात," ती म्हणाली. "गोठ्याचा पत्रा तेवढा काढता आला. सखिनाकडे आहे मी."

"बरं केलंस, बुबू."

"मशीद गेली. मोन्ताज ढाक्याला गेला रिक्षा ओढायला." ती थांबली. "परवा आई गेली."

दलिलनं जाळीला कपाळ टेकलं.

"मी काठावर बसून होते," जोबेदा म्हणाली. "म्हटलं, कोणीतरी असावं. अर्धी कड पडली आणि मग एकदम सगळंच गेलं. काही दिसलं नाही." तिनं गुळाची पुडी शिपायाकडे दिली. जाताना वळून म्हणाली, "तू बांबू तिथंच ठेवले असतेस तर..." आणि निघून गेली. त्या रात्री आणि नंतरही दलिलला उमगलं नाही, की तिनं कोणत्या जागेबद्दल म्हटलं होतं.

सुटल्यावर तो पातारहाटला शिंप्याच्या बायकोकडे गेला. आंबिया नाव तिचं. अंगणात बसून ती हातानं गोधडी शिवत होती. त्यानं उभ्यानंच सगळं सांगितलं. तिनं टाका घालणं थांबवलं नाही.

"हे मला कशाला सांगता?" ती म्हणाली. "कोर्टात सांगितलंत ना? मी काय करू याचं? घरात कुठं ठेवू?"

तो निघाला तेव्हा ती मागून म्हणाली, "त्यांना आणून दिलंत तुम्ही लोकांनी. मशीन नाही आणलं."

कार्तिक लागला, पाणी उतरलं. बेटाच्या बाजूची वाळू आता ओहोटीला उघडी पडत होती. दलिल रोज तिथं जाऊ लागला. लोखंडी सळई वाळूत खुपसायची, काही लागतं का बघायचं, हातभर सरकायचं, पुन्हा खुपसायची. लाँच कुठं रुतली, पाणी कुठून कुठं ढकलत होतं, सगळं त्याच्या डोक्यात होतं. पण वर्षभरात मेघनेनं तळ तीनदा उलटला होता. नवा मार्कावाला गावाच्या कडेच्या बांबूंजवळून त्याच्याकडे बघायचा आणि आपल्या कामाला लागायचा. नूरुद्दिनच्या हातची 'पानकौडी' दिवसातून दोनदा जायची. दलिल कमरेएवढ्या पाण्यात असला की ती इंजिन मंद करून जायची, लाट उठू नये इतकं मंद. भोंगा मात्र तिनं कधी दिला नाही, आणि दलिलनंही कधी हात वर केला नाही.

पंचविसाव्या दिवशी सळई ठणकली. खणायला दोन ओहोट्या गेल्या. पेटीचं लाकूड कुजलं होतं, कडी शाबूत होती. मशीन गंजून लाल झालं होतं आणि त्याच्या पोटात वाळू ठासून भरली होती.

खांद्यावर घेऊन तो आंबियाच्या दारात उभा राहिला. तिनं आधी मशीनकडे बघितलं, मग त्याच्याकडे.

"आत ठेवा. उन्हात नको."

त्यानं ठेवलं. ती जवळ बसली, चाकाला हात लावला. चाक हललं नाही. तिनं कडीवरून बोट फिरवलं.

"शेवटपर्यंत धरलं होतं का त्यांनी हे?"

"लोक म्हणतात."

"तुम्ही बघितलं नाही?"

"नाही. मी तेव्हा मशिदीत होतो."

आंबिया उठली. आतून रॉकेलची बाटली आणि चिंधी घेऊन आली आणि चाकाच्या कण्यात थेंब थेंब तेल सोडू लागली. तेल वाळूत जिरत होतं. ती पुन्हा सोडत होती. दलिल भिंतीशी उभा होता. बसा असं ती म्हणाली नाही, जा असंही म्हणाली नाही.